एकाच वाफ्यात टोमॅटो आणि डेझी : दोघांचे जमेल का?

अंगणवेल, परभणी

नमस्कार. आमच्या घरामागे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा आहे. जमीन काळीभोर असून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायातली चप्पल काढून घेते. पाणी बोअरचे आहे, आणि ते किती जड आहे हे आमच्या चहाच्या पातेल्यातला पांढरा थरच सांगतो.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी या वाफ्यात टोमॅटोची आठ रोपे आणि त्यांच्या मधल्या जागेत डेझीची बारा रोपे लावली. दोन्ही रोपे एकाच रोपवाटिकेतून आणली होती आणि दोघांनाही भरपूर ऊन लागते, असे तिथे सांगितले होते. त्यामुळे जे ऊन, जे पाणी आणि जे खत एकाला, तेच दुसऱ्याला, असा सरळ हिशोब मी केला. रोज संध्याकाळी पाइपने पाणी आणि दर पंधरा दिवसांनी मूठभर युरिया, हा क्रम डिसेंबरपर्यंत चालला. टोमॅटो छातीएवढे वाढले, पाने हिरवीगार झाली, पण फुले मोजकीच आली. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही पाच दिवस गावी गेलो होतो. त्यानंतर धरलेल्या फळांपैकी निम्म्यांच्या बुडाशी काळे, खोलगट, चामड्यासारखे डाग पडले. डेझीची पाने पिवळी पडली, मात्र त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या, आणि बारापैकी सात रोपे जमिनीलगत कुजून मुळासकट हातात आली. उरलेल्या पाचांना जानेवारीअखेरपर्यंत एकही कळी आली नाही.

यंदा पुन्हा लावायचे आहे. या दोन झाडांच्या गरजा नेमक्या कुठे जुळतात आणि कुठे फाटतात, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास बरे होईल. वाफा एकच असल्याने दोघांपैकी एकाला रजा द्यावी लागेल का, हेही कळवावे.

गोदाकाठ, नांदेड

उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो. आपली डेझी कोणती होती? आपल्याकडच्या रोपवाटिकांत पिवळ्या डोळ्याच्या कोणत्याही फुलाला डेझी म्हणतात. जर्बेराही डेझीच आणि शेवंतीचा एकेरी प्रकारही डेझीच. पानांचे वर्णन केल्यास पुढे बोलता येईल.

अंगणवेल, परभणी

पाने गर्द हिरवी, जाडसर, लांबट आणि कडेला करवतीसारखी दातेरी होती. ती जमिनीलगत झुपक्याने येत. रोपवाटिकेतल्या चित्रात मोठे पांढरे फूल आणि मध्ये पिवळा गोल होता.

शेवंतीमळा, छत्रपती संभाजीनगर

हे वर्णन शास्ता डेझीचे आहे, आणि तसे असेल तर कळी न येण्याचे कारण आपल्या खतापाण्यापेक्षा दिवसाच्या लांबीत अधिक आहे.

ही डेझी निसर्गात सापडलेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लूथर बरबँक या रोपकाराने युरोपातल्या आणि जपानमधल्या डेझींचे वर्षानुवर्षे संकर करून ती तयार केली, १९०१ मध्ये बाजारात आणली आणि तिकडच्या शास्ता नावाच्या हिमाच्छादित पर्वतावरून तिचे नाव ठेवले. तिच्या रक्तातच थंड मुलूख आहे. तिच्या बहुतेक जातींना आधी थंडीचा काळ आणि मग मोठे होत जाणारे दिवस मिळाले म्हणजेच फुलाचा दांडा वर येतो. परभणीला डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि जूनमध्येही तो १३ तासांच्या थोडाच पुढे जातो. म्हणजे आपल्या रोपांनी हिवाळाभर फक्त पाने वाढवली ती रुसून नव्हे, तर त्यांच्या लेखी फुलण्याची वेळच झाली नव्हती म्हणून. दिवस वाढू लागतात तो फेब्रुवारी-मार्च, आणि तोवर आपल्याकडे उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. मराठवाड्यातल्या शास्ता डेझीला ही एक चिंचोळी खिंड ओलांडावी लागते.

शेवंतीचे याच्या अगदी उलट आहे. ती डेझीच्याच कुळातली असली तरी दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरते, म्हणून ती दिवाळीच्या पुढे-मागे फुलते. टोमॅटो या बाबतीत उदासीन आहे. दिवस ११ तासांचा असो वा १३ तासांचा, त्याला सोयरसुतक नसते. तो फक्त तापमान पाहतो. एकच ऊन अंगावर घेणारी ही तीन झाडे त्या उन्हाचे अर्थ तीन प्रकारे लावतात, याचे मला दर वर्षी नव्याने नवल वाटते.

तेव्हा ताई, शास्ताच हवी असेल तर थंडी न मागता पहिल्याच वर्षी फुलणारी बुटकी जात मागून घ्या. फक्त पांढऱ्या वा केशरी डेझीसारखे फूल हवे असेल तर डायमॉरफोथेका, म्हणजे जिला आफ्रिकन डेझी म्हणतात ती, हिवाळी हंगामी फूल म्हणून आपल्याकडे अधिक खात्रीने येते. तिची फुले रात्री आणि ढगाळ दिवशी मिटतात, तेव्हा ती सुकली असे समजून खुडू नका. मी पहिल्या वर्षी खुडली होती.

जुनीकाळी, परभणी

वरील प्रतिसाद पटला. मात्र पिवळी पाने, कुजलेली रोपे आणि बुडाशी काळी पडलेली फळे यांचा दिवसाच्या लांबीशी संबंध नाही. ते सारे मातीत आणि पाण्यात आहे. मी परभणीचाच असल्याने ही माती मला पायाखालची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली काळी जमीन विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, आहे. तिचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो आणि तिच्यात चुनखडी मुबलक असते. टोमॅटोला ६ ते ७ सामू सर्वांत मानवतो, पण थोडी अधिक विम्लता तो शेणखताच्या आधाराने सोसतो. मराठवाड्यात काळ्या जमिनीवर टोमॅटो पिकतोच, त्यामुळे त्याबद्दल शंका नको. डेझीही साधारण तेवढाच सामू मागते आणि कोरड्या चुनखडीच्या जमिनीतही तग धरते, पण चुनखडी आणि सततचा ओलावा हे दोन्ही एकत्र आले की तिचा जीव गुदमरतो. तशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. त्यात आपले बोअरचे जड पाणी रोज पडत होते, म्हणजे रोज थोडे क्षार आपणच मातीत ओतत होतो. अशा वेळी पाने पिवळी दिसतात म्हणून लोक आणखी युरिया देतात, आणि झाड अधिकच फिकट पडते. त्याऐवजी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. हा तात्पुरता इलाज झाला. खरा इलाज म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर ठेवून मुळांना हवा मिळू देणे.

आता पाण्याकडे येतो, कारण या दोन झाडांचे खरे भांडण तिथेच आहे. टोमॅटोची मुळे दोन-तीन फूट खोल जाऊ शकतात. त्याला पाणी कमी वेळा पण खोलवर आणि ठरलेल्या अंतराने हवे असते. रोज वरवर शिंपडलेले पाणी त्याच्या मुळांना वरच्या थरातच आळशी बनवते. मग आपण पाच दिवस गावी गेलात, वरचा थर वाळला, मुळांकडे खाली जाण्याची सवय नव्हती आणि झाडाची पाण्याची ओढ तुटली. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतो आणि पाने तो आधी ओढून घेतात, त्यामुळे फळाच्या टोकापर्यंत तो पोहोचला नाही आणि तिथल्या पेशी मरून काळा डाग पडला. मातीत चुनखडीचा ढीग असताना फळाला चुन्याचा दुष्काळ पडतो, तो असा. युरियाच्या जोरावर वाढलेल्या पानांनी त्यात भर घातली, कारण पाने जितकी अधिक तितका फळाच्या वाट्याचा कॅल्शियम कमी.

डेझीची मुळे उथळ आणि तंतुमय असतात आणि झुपक्याचा गड्डा जमिनीच्या अगदी पातळीला असतो. तिला वरचा थर दोन बोटे सुकल्यावरच पाणी द्यावे, आणि तेही सकाळी. आपण संध्याकाळी पाणी देत होतात. काळ्या मातीत ते रात्रभर झुपक्यात साचून राहिले आणि थंडीने त्याला वाळू दिले नाही. सात रोपे कुजली ती त्यामुळेच.

लावणीतही दोघे एकमेकांच्या उलट आहेत. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून निम्म्या खोडापर्यंत मातीत गाडले तरी त्याचे कल्याणच होते, कारण गाडलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. डेझीचा गड्डा एक बोटभर जरी मातीखाली गेला तरी कुजायला सुरुवात होते. एकाच खुरप्याने एकाच खोलीवर दोन्ही लावली असतील, तर चूक पहिल्याच दिवशी झाली.

खताचेही तेच. टोमॅटो खादाड आहे. लावणीपूर्वी प्रत्येक खड्ड्यात दोन-तीन ओंजळी कुजलेले शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घालावी, नत्र थोडेथोडे तीन वेळा विभागून द्यावे आणि फुले लागल्यावर नत्राचा हात आखडून पालाशाकडे वळावे. डेझीला लावणीच्या वेळचे ओंजळभर शेणखत हंगामभर पुरते. तिला जरा उपाशी ठेवले तर ती फुलते आणि खाऊ घातले तर पाने वाढवून लोळते.

तुराटी, बीड

जुनीकाळी काकांनी फळाच्या काळ्या डागाचे कारण सांगितले ते उत्तम झाले. पण मोबाइलवर जिथे तिथे अंड्याची टरफले कुस्करून टोमॅटोच्या बुडाशी घालायला सांगतात आणि काही जण तर चुना घालायला सांगतात. आमच्या शेजारी एकांनी भिंतीला लावायचा उरलेला चुनाच आळ्यात कालवला होता. त्याबद्दल आपले मत काय?

जुनीकाळी, परभणी

तो सल्ला ज्या मुलखात निघाला तिथे पाऊस फार पडतो, माती आम्ल असते आणि चुना वाहून जातो. तिथे तो योग्यच आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत चुना घालणे म्हणजे उसाच्या फडात साखर पेरण्यासारखे आहे. सामू आणखी वर जाईल आणि लोह, जस्त दोन्ही झाडाच्या हाताबाहेर जातील. टरफले घातल्याने बिघडत काही नाही, पण ती विम्लधर्मी मातीत विरघळतच नाहीत. पुढच्या वर्षी खुरपताना जशीच्या तशी सापडतात. जमीन चोपण असेल, म्हणजे पाणी वर साचून राहत असेल आणि वाळल्यावर कडक पापुद्रा येत असेल, तर जिप्सम उपयोगी पडते. त्यातून कॅल्शियमही मिळतो आणि सामूही वाढत नाही. पण आधी माती तपासून घ्यावी. आपल्या गावात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि माती तपासणीची सोय कृषी विज्ञान केंद्रांतूनही असते.

गच्चीवरून, लातूर

माझ्याकडे जमीनच नाही. जे काही आहे ते गच्चीवर आणि कुंड्यांत आहे. पण पाण्याबद्दल लातूरकराने बोलले नाही तर कोणी बोलावे? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या शहराला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात मी सगळ्या कुंड्या रिकाम्या करून उलट्या ठेवल्या होत्या. तेव्हापासून कोणत्या झाडाला किती पाणी द्यावे लागते याची वही ठेवतो.

माझ्या नोंदीप्रमाणे पंधरा-वीस लिटरच्या कुंडीतल्या फळांवर आलेल्या टोमॅटोला जानेवारीत रोज सुमारे एक ते दीड लिटर पाणी लागते आणि मार्चमध्ये ते तीन लिटरच्या घरात जाते. आठ इंची कुंडीतल्या डेझीला जानेवारीत एक दिवसाआड पाव ते अर्धा लिटर पुरते. कुंडी, माती आणि वारा यांप्रमाणे हे आकडे बदलतील, पण प्रमाण साधारण असेच राहते. टोमॅटोसाठी याहून लहान कुंडी घेऊ नये, कारण माती कमी असली की दुपारपर्यंत ती वाळते आणि काकांनी सांगितलेली पाण्याची ओढ रोज तुटते. डेझीला मोठी कुंडी दिली तर उलट माती ओली राहून मुळे कुजतात.

भांडी घासण्याआधी तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मी दोघांनाही देतो. साबणाचे पाणी मात्र देत नाही. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही देऊ नये, कारण बोअरचे सगळे क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. गच्चीवरच्या पत्र्यावरून पन्हाळीने उतरलेले पावसाचे पाणी दोन पिंपे साठवले, तर ते डेझीसाठी राखून ठेवावे. जड पाण्याचा त्रास तिलाच आधी होतो.

गोदाकाठ, नांदेड

आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून धागाकर्त्या ताई वाफ्याचे दोन तुकडे करून मोकळ्या होतील असे दिसते, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. गेली चार वर्षे मी दोन्ही झाडे एकाच वाफ्यात ठेवत आहे आणि दोन्ही येतात. फक्त वाफा सपाट नाही.

रचना अशी आहे. वाफा उत्तर-दक्षिण लांब आहे. पश्चिमेच्या बाजूला टोमॅटोची एकच रांग असून दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवले आहे. पूर्वेच्या कडेला वीतभर उंच आणि सव्वा फूट रुंद असा गादीवाफा केला आहे. त्याच्यात निम्मी काळी माती, उरलेल्यात बारीक मुरूम आणि जुने शेणखत घातले आहे. त्यावर डेझी एकेक फुटावर लावतो. टोमॅटोच्या रांगेला सरीतून पाणी देतो आणि ते गादीवाफ्याच्या बुडाशी ओल पोहोचवते, माथ्यावर चढत नाही. डेझीला वरून झारीने वेगळे पाणी आठवड्यातून दोनदा देतो. सकाळचे सगळे ऊन डेझीला मिळते आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारचे ऊन तापू लागले की टोमॅटोची उंच रांगच तिच्यावर सावली धरते. त्यामुळे ती माझ्याकडे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकते. उघड्या वाफ्यात होळीलाच माना टाकायची.

आणखी एक लाभ असा की डेझीच्या सपाट फुलावर बसणे लहान कीटकांना सोयीचे जाते. आपण जिला एक फूल म्हणतो ती खरे तर शेकडो फुलांची पंगत असते. मधला पिवळा गोल म्हणजे सगळी बारीक नळीदार फुले, आणि कडेची प्रत्येक पांढरी पाकळी हेही स्वतंत्र फूलच. तिथे सिरफिड माशा मधासाठी येतात आणि त्यांच्या अळ्या टोमॅटोवरचा मावा खातात. टोमॅटोच्या परागीभवनासाठी मात्र डेझीचा उपयोग नाही. टोमॅटोचे फूल आपले आपणच फळते, त्याला फक्त हलवणारा वारा किंवा गुणगुणून थरथरवणारी रानमाशी लागते. वारा पडलेला असेल तर सकाळी दहाच्या सुमारास मी काठीने खांबाला टिचक्या मारतो.

जुनीकाळी, परभणी

गोदाकाठांची रचना चांगली आहे आणि तिच्यात मी सांगितलेले भांडण सोडवलेलेच आहे, कारण वाफा एक असला तरी माती दोन आणि पाणीही दोन आहे. सपाट वाफ्यात हे जमत नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

पण किडींच्या बाबतीत दुसरी बाजूही सांगायला हवी. डेझी आणि शेवंतीवर फुलकिडे फार येतात, आणि फुलकिडे टोमॅटोला करपून मारणाऱ्या विषाणूचे वाहक आहेत. डेझीच्या फुलावर पांढरा कागद धरून टिचकी मारली की कागदावर बारीक पिवळसर रेघा धावताना दिसल्या, तर त्या आठवड्यात ५ टक्के निंबोळी अर्क दोन्हींवर फवारावा. पांढऱ्या माशीचेही तसेच आहे. ती टोमॅटोत पानांचा बोकड्या, म्हणजे पाने आकसून वळण्याचा रोग, आणते. घर कपाशीच्या शेताला लागून असेल तर तिचा धोका अधिक, म्हणून टोमॅटोची रोपे पहिले महिनाभर बारीक जाळीखाली वाढवावीत आणि पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या पातळीला टांगावेत.

टोमॅटोच्या फळात शिरणाऱ्या हिरव्या अळीसाठी काही जण डेझी लावायला सांगतात. तो सल्ला झेंडूचा आहे. या अळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करते, म्हणून टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची पद्धत रूढ झाली. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींना, मारक द्रव्य पाझरते, आणि टोमॅटो त्या सूत्रकृमींना फार बळी पडतो. झेंडू आणि डेझी एकाच कुळातले म्हणून एकीचे गुण दुसरीला लावू नयेत. वाफ्याच्या दोन टोकांना झेंडूची एकेक जोडी लावली तर उत्तमच. तुरीचे आणि हरभऱ्याचे शेत जवळ असेल तर ही अळी तिथून येणारच आहे.

माळवद, धाराशिव

एक लहानशी भर. डेझीला थंडी लागते हे सगळ्यांनी सांगितले, पण थंडी टोमॅटोला नको असते हे राहून गेले. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुले गळतात. परभणीची डिसेंबरातली थंडी प्रसिद्धच आहे. तेव्हा अंगणवेल ताईंच्या कमी फळांचा सगळा दोष युरियावर घालू नये. तसेच मार्च-एप्रिलमध्ये दिवस ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की पुन्हा फूलगळ होते. त्या दिवसांत पिकलेली फळे लाल न होता नारिंगी-पिवळसर राहतात, कारण लाल रंग देणारे द्रव्य तीव्र उन्हाळ्यात नीट तयार होत नाही. ती सारासाठी चालतात, पण कोशिंबिरीत रंग येत नाही.

म्हणजे आपल्याकडे टोमॅटोला फळ धरायला सोयीचे असे दोनच टप्पे उरतात, ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात, आणि संक्रांत ते होळी. डेझीला मधली कडक थंडी हवीहवीशी असते. एक गारठलेला असताना दुसरी मजेत असते.

तुराटी, बीड

म्हणूनच तारखा सांभाळाव्या लागतात. मी टोमॅटोचे बी महालक्ष्म्या उठल्या की टाकतो आणि फार तर मुक्तिसंग्राम दिनापर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबरपर्यंत, ते काम उरकतो. बी पाच ते आठ दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांची रोपे दसऱ्याच्या सुमारास लावतो. डेझीचे बी मात्र तेव्हा टाकत नाही, कारण परतीच्या पावसात ते वाहून जाते किंवा कुजते. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओलसर मातीवर ते नुसते दाबून ठेवतो. वरून माती लोटत नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. ते दोन-तीन आठवडे घेते. रोपे नोव्हेंबरच्या मध्यावर वाफ्यात जातात, म्हणजे टोमॅटोने तोवर आपली जागा धरलेली असते आणि त्याला खत देताना डेझी मध्ये येत नाही.

आधारासाठी बाजारातून काही आणू नका. तुराट्या किंवा पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वा कपाशीच्या वाळलेल्या काड्या, कोणत्याही शेतात मिळतात. तीन तुराट्यांची तिवई करून सुतळीने खोड सैल इंग्रजी आठच्या आकड्यासारखे बांधावे. जात वेलीसारखी उंच वाढणारी असेल तर बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून येणारे फुटवे, काढावी आणि झुडपी असेल तर काढू नये, नाहीतर फळेच कमी होतात. डेझीची बगलफूट कधीच काढू नये. तिची फक्त सुकलेली फुले दांड्यासकट खुडावीत, म्हणजे ती बी धरण्यात शक्ती घालवत नाही.

आच्छादनासाठी सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) टोमॅटोच्या बुडाशी चार बोटे जाड पसरावी. डेझीच्या झुपक्याला तिचा स्पर्शही होऊ देऊ नये.

शेवंतीमळा, छत्रपती संभाजीनगर

होळीनंतर काय करायचे, हे कोणी सांगितले नाही म्हणून लिहितो. टोमॅटो संपला की मुळासकट उपटून वाफ्याबाहेर काढावा आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या पश्चिमेच्या रांगेत टोमॅटो, वांगे, मिरची वा बटाटा यांपैकी काहीही लावू नये, कारण सगळी एकाच कुळातली असल्याने रोग वारशाने चालत येतात. ताईंकडे वाफा एकच असल्याने त्यांनी दर वर्षी बाजू बदलण्याऐवजी टोमॅटोच्या रांगेत पावसाळ्यात गवार किंवा चवळी घ्यावी आणि पुढच्या हिवाळ्यात टोमॅटो मोठ्या कुंड्यांत हलवावा. बाजू बदलली तर डेझीवरची दुपारची सावली जाईल.

थंड डोंगराळ गावांत शास्ता डेझी वर्षानुवर्षे जगते आणि दर दोन-तीन वर्षांनी तिचे गड्डे फोडून लावतात. आपल्याकडे उन्हाळा काढण्यासाठी तिला कुंडीत उचलून लिंबाखाली ठेवावे लागते, आणि तरी निम्मी दगावते. तिला वर्षायू समजून दर वर्षी नवे बी टाकणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

अंगणवेल, परभणी

सर्वांचे आभार. माती तपासून आणली. सामू ८.२ निघाला आणि चुनखडी भरपूर आहे, त्यामुळे काकांचा अंदाज खरा ठरला. गोदाकाठांच्या रचनेप्रमाणे पूर्वेच्या कडेला गादीवाफा केला आहे. टोमॅटोची रोपे आठांवरून पाच केली. यजमानांना हे पटलेले नाही, पण वाफा माझा आहे. डेझीचे बी दोन प्रकारचे आणले आहे, एक पहिल्या वर्षी फुलणारी बुटकी शास्ता आणि दुसरी आफ्रिकन डेझी. हंगामात जे घडेल ते इथेच लिहीन.

अंगणवेल, परभणी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे, म्हणून कबूल केल्याप्रमाणे लिहिते. टोमॅटोला डिसेंबरात पंधरा दिवस फूलगळ झाली, पण माळवद यांनी सांगून ठेवल्याने मी घाबरून खत वाढवले नाही, आणि संक्रांतीनंतर पुन्हा फळे धरू लागली. आतापर्यंत पाच झाडांचे अकरा किलो निघाले. बुडाशी काळी पडलेली फळे एकूण चारच होती, आणि तीही बोअरची मोटर जळून सहा दिवस पाणी बंद होते त्या आठवड्यातली. आफ्रिकन डेझी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून फुलते आहे. शास्ताची दहापैकी आठ रोपे जगली. दोन मीच लावताना खोल गाडली होती. पाने एकदा पिवळसर झाली, तेव्हा फेरस सल्फेटची एक फवारणी केली आणि त्यानंतर टाकीत साठवलेले पावसाचे पाणी संपेपर्यंत तेच दिले.

काल सकाळी एका शास्ताच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढी कळी दिसली. दांडा अजून दोन बोटेच वर आला आहे. दुपारी साडेतीननंतर टोमॅटोची सावली तिच्यापर्यंत पोहोचते, म्हणून पश्चिमेकडच्या रांगेतली खालची पिवळी पानेही मी तूर्त काढलेली नाहीत.

गोदाकाठ, नांदेड

जमिनीला टेकलेली तेवढी काढा ताई, त्यांच्यावरूनच करपा वर चढतो. सावली वरच्या पानांची पडते.